रेसिड्यूतलं गंधक काढायचं तर पस्तीस अंश वर्षभर पुरवा

गेल्या दिवाळीत अलिबागला घरी होतो, तेव्हा आळीतला एक मुलगा भेटायला आला. लोणेऱ्याहून पेट्रोकेमिकल केलेला, कुवेतच्या रिफायनरीत रेसिड्यू युनिटवर, म्हणजे कच्च्या तेलाच्या तळाच्या मालातलं गंधक काढतात तिथे, नेमणूक झालेली, व्हिसाची वाट बघत होता. त्याने पहिलाच प्रश्न केला, "काका, गंधक किती टक्क्यांपर्यंत खाली आणायचं असतं?" मी म्हटलं, ते तुला पहिल्या दिवशी कोणीही सांगेल. ते अकरा महिने तेवढंच खाली कसं ठेवायचं, ते विचार. त्या संध्याकाळी ओटीवर बसून त्याला जे सांगितलं ते इथे नीट मांडतो आहे. मी २२ वर्षं अशाच युनिटच्या पॅनेलवर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, काढली. आपली बरीच मुलं आता या कामाला जातात आणि मराठीत हे कुणी लिहून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही.

आधी कागदावर हिशेब

कुवेतच्या कच्च्या तेलात गंधक साधारण अडीच टक्के असतं. आपल्या मुंबई हायच्या तेलात ते पाव टक्काही नसतं. कुवेतचं तेल क्रूड युनिटमध्ये उकळलं की नाफ्था, रॉकेल, डिझेल वर निघून जातं आणि जवळपास निम्मं तेल तळाला उरतं. हा ॲटमॉस्फेरिक रेसिड्यू. गंधकाचा मोठा वाटा याच तळाच्या मालात राहतो, म्हणून इथे ते ४ टक्क्यांच्या पुढे जातं. सोबत व्हॅनेडियम आणि निकेल मिळून ८०-९० पीपीएम (दहा लाखांत ८०-९० भाग) आणि शिवाय अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे सगळ्यात जड रेणू. नमुन्याची बाटली थंड झाली की काकवीपेक्षा घट्ट होते, उलटी केली तरी तेल हलत नाही.

समजा युनिट दिवसाला ३०,००० बॅरल घेतं. म्हणजे सुमारे ४,६०० टन. त्यात ४ टक्क्यांनी १८४ टन गंधक आत येतं. उत्पादनात अर्धा टक्का राहू दिलं, तर रोज १६० टनांच्या आसपास बाहेर काढायचं. गंधक निघतं ते हायड्रोजनशी जोडलं जाऊनच. तेलाच्या रेणूतून सुटतं आणि हायड्रोजन सल्फाइड म्हणजे एचटूएस होऊन वायूबरोबर जातं. गंधकाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सरासरी तीन रेणू धरले, तर निव्वळ गंधकासाठी ३० टन हायड्रोजन लागतो. प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट लागतो, कारण नायट्रोजन काढणं, रेणूंच्या कड्यांत हायड्रोजन भरणं, मोठे रेणू फुटणं हे सगळं त्याच रिॲक्टरमध्ये चालू असतं.

आता धातूंचं पाहा. ८५ पीपीएमने रोज ३९० किलो धातू आत येतो. त्यातला तीन चतुर्थांश कॅटॅलिस्टवर, म्हणजे ही क्रिया घडवून आणणाऱ्या रिॲक्टरमधल्या सच्छिद्र दाण्यांवर, बसला, तर रोज २९० किलो. अकरा महिन्यांत ९५ टन. गंधक वायू होऊन निघून जातं, हा धातू मात्र आत शिरला की कुठेही जात नाही. कॅटॅलिस्टच्या छिद्रांच्या तोंडाशी थर धरून बसतो. रेसिड्यू युनिटचा रन, म्हणजे नवा कॅटॅलिस्ट भरल्यापासून युनिट बंद करेपर्यंतचा काळ, संपतो तो बहुतेक या ९५ टनांमुळे आणि त्यांच्या जोडीला बसणाऱ्या कोकमुळे, म्हणजे तेल करपून होणाऱ्या कार्बनच्या थरामुळे.

जागा बुजत गेली की तेवढंच गंधक काढायला तापमान वाढवावं लागतं. नव्या कॅटॅलिस्टवर आपण सरासरी ३७० अंशांच्या आसपास सुरुवात करतो आणि ४०५ च्या आसपास थांबतो. मधले ३५ अंश ही वर्षाची कमाई. महिन्याला तीन अंश. परदेशात पहिल्यांदा गेलेला माणूस पगाराच्या दिवशी खोलीभाड्याचे, खाण्याचे आणि घरी पाठवायचे दिनार जसे वेगळे काढून ठेवतो, तसे हे अंश पहिल्या दिवसापासून मोजून ठेवायचे. एकदा खर्च केलेला अंश परत मिळत नाही, कारण वाढवलेल्या तापमानाने बसलेला कोक तापमान उतरवलं म्हणून सुटत नाही.

फीड आत घेण्याआधी

फीडमध्ये, म्हणजे युनिटमध्ये येणाऱ्या रेसिड्यूत, सोडियम १-२ पीपीएमच्या वर गेलं की मी क्रूड युनिटला फोन करत असे. कच्च्या तेलातलं मीठ काढणारा डिसॉल्टर नीट चालत नसेल तर मीठ थेट आपल्या कॅटॅलिस्टवर येतं. टाकीवर नायट्रोजनचं किंवा फ्युएल गॅसचं आवरण आहे ना ते पाहा. हवा आत गेली की तेलात डिंकासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फीड तापवणाऱ्या एक्स्चेंजरमध्ये चिकटतो. ही दोन कामं रोजची, पाच मिनिटांची.

तिसरं काम फीड फिल्टरचं. त्यावर मी थांबणार आहे, कारण त्यापायी मी एक रन वाया गेलेला पाहिला आहे.

फीड फिल्टर २५ मायक्रॉनच्या आसपासचा असतो आणि ठरावीक डेल्टा पी (अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक) झाला की आपोआप बॅकवॉश घेतो, म्हणजे उलट्या प्रवाहाने स्वतःला धुतो. क्रूड युनिटच्या नळ्या, टाक्या, लाइनी गंजतात, त्यातून आयर्न सल्फाइडचे बारीक कण येतात. ते इथे अडायला हवेत. जुलैतली रात्र होती, बाहेर धुळीचं वादळ, एका फिल्टरचा बॅकवॉश व्हॉल्व्ह अडकला. डेल्टा पी चढू लागला, फीड पंपाला त्रास होऊ लागला, तेव्हा फिल्टर टाळून तेल नेणारा बायपास उघडला. तासाभरासाठी. इन्स्ट्रुमेंटचा माणूस पहाटे आला, व्हॉल्व्ह सुटला, फिल्टर लाइनीत घेतला, पण बायपास पूर्ण बंद झाला नाही आणि सकाळच्या हॅण्डओव्हरमध्ये त्याचा उल्लेख राहून गेला. त्या पाळीत मीही होतो. चार दिवस तो तसाच होता. फिल्टरचा डेल्टा पी छान कमी दिसत होता आणि त्याचं सगळ्यांना बरं वाटत होतं.

पहिला महिना काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या महिन्यात गार्ड रिॲक्टरचा, म्हणजे सगळ्यात पहिल्या रिॲक्टरचा, डेल्टा पी दीड बारवरून दोनवर गेला, मग अडीचवर, आणि पुढे दर आठवड्याला चढत राहिला. फीड कमी केलं की उतरायचा, पूर्ववत केलं की पहिल्यापेक्षा वर. सातव्या महिन्यात युनिट बंद करावं लागलं. तेव्हा आमच्या हातात अजून १६ अंश शिल्लक होते. कॅटॅलिस्ट काम करायला तयार होता, पण त्याच्यापर्यंत तेल पोचायला वाट नव्हती.

गार्ड रिॲक्टर उघडला तेव्हा कण अडवायला भरलेल्या वरच्या रिंगांचा थर एकसंध झालेला होता. मी त्यातला एक तुकडा हातात घेतला होता. तळहाताएवढा, चुलीवर लागलेल्या खरपुडीसारखा, आणि त्यात रिंगा अशा रुतलेल्या की एकही वेगळी काढता येईना. त्याच्या खाली दोन हातांवर कॅटॅलिस्टचे दाणे मोकळे, सुटे होते.

तेव्हापासून माझे नियम तीन आहेत. फिल्टरच्या बायपासला साखळी आणि कुलूप, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. बायपास उघडला तर लॉगबुकात लाल शाईने वेळ आणि बंद करण्याची वेळ, दोन्ही. आणि फिल्टरचा डेल्टा पी अचानक कमी झाला तर आधी खाली जाऊन बायपासच्या लाइनीला हात जवळ नेऊन पाहायचं. गरम असेल तर तेल तिकडून जातं आहे.

भरणं

कॅटॅलिस्ट एका प्रकारचा नसतो. वर पोकळ रिंगा, कण अडवायला. त्याखाली मोठ्या छिद्रांचा, धातू साठवून घेणारा. त्याखाली हळूहळू बारीक छिद्रांचा आणि जास्त तेज, गंधक आणि नायट्रोजन काढणारा. ॲल्युमिनावर मॉलिब्डेनम, जोडीला कोबाल्ट किंवा निकेल. कोबाल्टचे दाणे निळसर दिसतात, निकेलचे पिवळट हिरवे. शेवईच्या बारीक तुकड्यांसारखे, आणि आडवा छेद पाहिला तर तीन किंवा चार पाकळ्या.

भरण्याचं काम बाहेरची टोळी करते, पण आपला माणूस वर मॅनहोलशी असायलाच हवा. दर थराला पातळी मोजा आणि मध्ये उंच, कडेला खोल असं होत असेल तर काम थांबवा. सैल जागेतून तेल पळतं, घट्ट जागेत साचून तापतं. पुढे बेडच्या, म्हणजे कॅटॅलिस्टच्या थराच्या, एकाच उंचीवरच्या थर्मोकपलांमध्ये, म्हणजे तापमापकांमध्ये, दहा-बारा अंशांचा फरक दिसला, तर त्याचं मूळ बऱ्याचदा या दिवसात असतं.

सल्फायडिंग

नवा कॅटॅलिस्ट ऑक्साइडच्या रूपात येतो. त्याला आधी गंधक पाजावं लागतं, मगच तो गंधक काढायला लागतो. यासाठी डीएमडीएस (डायमिथाइल डायसल्फाइड) हे गंधकयुक्त द्रव वापरतात. त्याचा वास कुजलेल्या कोबीत लसूण वाटावा तसा, कपड्यांना लागला तर दोन धुण्यांत जात नाही.

क्रम असा. नायट्रोजनवर गळती तपासायची. मग हायड्रोजन, पण रिॲक्टरचा पोलाद गरम होईपर्यंत दाब पाव हिश्शाच्या वर न्यायचा नाही. जाड भिंतीचा क्रोम-मॉली पोलाद थंड असताना ठिसूळपणे तडकू शकतो. कोणत्या तापमानाला दाब वाढवायची परवानगी आहे हा आकडा प्रत्येक रिॲक्टरचा वेगळा असतो, तो पॅनेलवर चिकटवून ठेवा. मग दीडशे अंशांच्या आसपास डिझेल आत घ्यायचं. कोरडा कॅटॅलिस्ट भिजताना स्वतःच तापतो. ती उष्णतेची लाट एकेका थर्मोकपलवरून खाली सरकताना दिसते, ती पूर्ण बाहेर पडू द्या.

दोनशेच्या वर डीएमडीएस सुरू. आणि आता संयमाची वेळ. वायूत एचटूएस दिसेपर्यंत २३० च्या फार वर जायचं नाही. गंधक न मिळता नुसता गरम हायड्रोजन लागला तर मॉलिब्डेनमचं ऑक्साइड क्षपण होऊन निकामी होतं, आणि ते नंतर नीट सल्फाइड होत नाही. रनच्या आधीच काही अंश घालवून बसाल.

माझ्या पहिल्या सल्फायडिंगला दर अर्ध्या तासाला ड्रेगर ट्यूबने, म्हणजे एचटूएस लागला की रंग बदलणाऱ्या काचेच्या नळीने, वायू तपासायचं काम माझ्याकडे होतं. तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर, जोडीदार वाऱ्याच्या बाजूला उभा. रात्री बारापासून सहा ट्यूबा पांढऱ्याच्या पांढऱ्या. पॅनेलवरून विचारणा चालू, की तापमान वाढवायचं का. आमचा मल्याळी इन्चार्ज दर वेळी एकच शब्द बोलायचा, "वेट." सातव्या ट्यूबेत तळापासून तपकिरी रंग चढू लागला. पुढच्या ट्यूबेतही चढला, तेव्हाच त्याने वाढवायला सांगितलं. मग तासाला पंधरा-वीस अंशांनी ३२० च्या आसपास नेलं आणि तिथे पुन्हा तासन्‌तास थांबलो.

अजून एक खूण. ऑक्साइडचं सल्फाइड होताना पाणी सुटतं. सेपरेटरमधून काढलेलं पाणी मोजत राहा. कॅटॅलिस्टच्या वजनावरून किती पाणी यायला हवं ते आधी काढता येतं, आणि तेवढं आलं नसेल तर काम पूर्ण झालेलं नाही. तुमच्या कॅटॅलिस्टसोबत येणाऱ्या पुस्तकात तापमानं थोडी वेगळी असतील. तीच पाळा, माझी नाही.

त्यानंतर रेसिड्यू एकदम आत घेऊ नका. एक चतुर्थांश, मग अर्धा, असं काही दिवसांत. नव्या कॅटॅलिस्टला पहिल्याच दिवशी जड माल दिला तर तो त्यावर तुटून पडतो आणि स्वतःवरच कोक चढवून घेतो.

तापमान वाढवायच्या आधी

प्रयोगशाळेतून सकाळी निकाल आला, गंधक ०.५ च्या जागी ०.५८. नवा माणूस लगेच भट्टीला हात घालतो. घालू नका.

आधी दुसरा नमुना मागवा. नमुन्याची लाइन पुरेशी वाहू न देता भरलेली बाटली कालचं तेल दाखवते. दुसराही तसाच आला तर फीड पाहा. कच्चं तेल बदललं का? फीडमध्येच गंधक ४.१ वरून ४.४ झालं असेल तर कॅटॅलिस्टचा दोष नाही, आणि दोन दिवसांत ते पुन्हा उतरणार असेल तर फीड थोडं कमी करून निभावता येतं. फीड कमी केलं की तेलाला कॅटॅलिस्टबरोबर जास्त वेळ मिळतो. हा वेळ परत मागता येतो, अंश नाही.

मग हायड्रोजन. एकूण दाब १३० बार दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. फिरत्या वायूत, म्हणजे रिॲक्टरमधून निघून पुन्हा आत पाठवल्या जाणाऱ्या वायूत, हायड्रोजन ९० टक्के असेल तर त्याचा स्वतःचा दाब ११७ बार. मिथेन साठून शुद्धता ८४ वर आली, तर १०९. आठ बार गेले आणि पॅनेलवर एकही काटा हलला नाही. थोडा वायू बाहेर सोडा, ताजा हायड्रोजन आत येऊ द्या. वायूतला एचटूएस शोषून घेणारा अमाइन टॉवर नीट चालत नसेल तर एचटूएस फिरून आत येतो आणि गंधक सुटण्याच्या क्रियेलाच अडवतो. तिथे लक्ष द्या.

मग एक्स्चेंजर. हे फार कमी जणांना सुचतं. गरम उत्पादन आणि थंड फीड ज्या एक्स्चेंजरमध्ये शेजारून जातात, तिथे फीडच्या बाजूला दाब जास्त असतो. नळीला बारीक भोक पडलं तर कच्चं फीड शुद्ध झालेल्या तेलात शिरतं. ४ टक्क्यांचं तेल अर्ध्या टक्क्याच्या तेलात दोन टक्के मिसळलं तरी निकाल ०.५७ होतो. तुम्ही तीन अंश वाढवता, गंधक जेमतेम हलतं, अजून तीन वाढवता. दोन महिन्यांची कमाई आठवड्यात संपते आणि भोक तिथेच असतं. ओळखायची खूण: तापमान वाढवूनही गंधक अपेक्षेइतकं उतरत नाही आणि उत्पादनातला व्हॅनेडियमही वर गेलेला असतो. एक्स्चेंजरच्या आधीचा नमुना मिळण्याची सोय असेल तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एकाच वेळी पाठवा.

हे सगळं ठीक असेल, तरच तापमान. तेही एका वेळी एक अंश, आणि मग निकाल येईपर्यंत थांबा. मोजायचं सरासरीवर, नुसत्या इनलेटवर नाही. प्रत्येक बेडसाठी इनलेट अधिक दोनदा आउटलेट, भागिले तीन. इनलेट ३७२, आउटलेट ३८४ असेल तर ३७२ आणि ७६८ मिळून ११४०, म्हणजे ३८०. प्रत्येक बेडमध्ये एकूण कॅटॅलिस्टचा जेवढा हिस्सा, त्या प्रमाणात या आकड्यांची सरासरी काढली की मिळतो तो डब्ल्यूएबीटी. मी तो रोज सकाळी सहाला हाताने काढून वहीत लिहायचो, कॉम्प्युटर काढत असला तरी. हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो.

ही क्रिया स्वतः उष्णता देते. बेडच्या तळाशी तापमान चढतं, ते दोन बेडच्या मध्ये थंड हायड्रोजन सोडून उतरवायचं, त्याला क्वेंच म्हणतात. क्वेंचचा व्हॉल्व्ह कधीही पूर्ण उघडा राहू देऊ नका. तो पूर्ण उघडला म्हणजे तुमच्याकडे काही शिल्लक नाही. एखादं थर्मोकपल इतरांना सोडून पळू लागलं आणि क्वेंचने आवरत नसेल, तर भट्टी बंद करा आणि दाब उतरवण्याची आणीबाणीची कृती करा. त्यासाठी कुणाला फोन लावत बसू नका. हे अधिकार पॅनेलवरच्या माणसाचेच असतात आणि असायला हवेत.

रनच्या शेवटी शेवटी तेलात गाळ वाढतो. खूप तापवलेलं अस्फाल्टीन तेलात विरघळून राहत नाही. गरम गाळणीच्या चाचणीत गाळ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ लागला, तर चार अंश शिल्लक असले तरी ते वापरायचे नसतात.

वॉश वॉटर

फीडमधला नायट्रोजन अमोनिया होऊन निघतो. वायू थंड झाला की अमोनिया आणि एचटूएस मिळून अमोनियम बायसल्फाइडचं पांढरं मीठ होतं आणि ते फिन फॅनच्या, म्हणजे पंख्याच्या हवेने वायू थंड करणाऱ्या कूलरच्या, नळ्यांत बसतं. म्हणून फिन फॅनच्या आधी सतत पाणी मारायचं. पाणी एवढं हवं की त्या गरम वायूत पडल्यावरही त्याचा चौथा हिस्सा तरी पाणी म्हणूनच उरेल. सगळंच वाफ झालं तर धुणार काय? खालच्या सेपरेटरमधून निघणाऱ्या सावर वॉटरमध्ये (एचटूएस आणि अमोनिया विरघळलेल्या पाण्यात) बायसल्फाइड चार टक्क्यांच्या आत ठेवायचं, साध्या पोलादाच्या नळ्या असतील तर नक्कीच. त्याच्या वर ते पाणीच नळी खातं.

कुवेतच्या ऑगस्टमध्ये बाहेर ५० अंश असतात. दुपारी चारला मी हातातली तापमानाची बंदूक घेऊन फिन फॅनवर चढायचो आणि प्रत्येक बेच्या, म्हणजे कूलरच्या एकेका भागाच्या, आउटलेटवर मारायचो. आठ बे, आठ आकडे. सगळे ६२-६४ आणि एक ४९ आला, तर तो जो थंड आहे तो आजारी. त्यातून वायू जातच नाही, मीठ बसलेलं आहे, आणि त्याच्या वाट्याचा वायू शेजारच्यांतून दुप्पट वेगाने जातो आहे. पुढचं भोक शेजारच्यात पडणार. नव्या मुलाला थंड बे पाहून बरं वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. अशा वेळी वॉश वॉटर वाढवून दोन दिवस पाहा, आणि तेवढ्याने खुलत नसेल तर तपासणी खात्याला लेखी कळवा.

अमाइन टॉवरचं एवढंच: आत जाणारं लीन (एचटूएस काढून घेतलेलं) अमाइन वायूपेक्षा पाच-सहा अंश गरम ठेवा. थंड असेल तर वायूतलं तेल त्यात उतरतं, फेस येतो, फेस वर चढून वायू फिरवणाऱ्या रिसायकल कॉम्प्रेसरच्या दारात जातो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. रिसायकल गेला की भट्टी बंद, रेसिड्यू बंद, फ्लशिंगचं डिझेल सुरू. हायड्रोजन न फिरता गरम रेसिड्यू कॅटॅलिस्टवर थांबला तर मिनिटांत कोक धरतो.

एचटूएस

सडक्या अंड्यांचा वास येतो तोवर तुम्ही सावध असता. १०० पीपीएमच्या वर तो वासच येईनासा होतो, नाक मरतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं परत फिरली आहेत. ७०० च्या पुढे काही श्वासांत शुद्ध जाते. आपल्या फिरत्या वायूत आणि सावर वॉटरमध्ये हा वायू टक्क्यांत असतो, पीपीएममध्ये नाही. म्हणून नमुना घ्यायला एकट्याने जायचं नाही, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा आधी पाहायचा, छातीवरचा डिटेक्टर १० ला वाजला की काम सोडून आडव्या वाऱ्याने बाहेर पडायचं. जोडीदार पडलेला दिसला तर आधी आपला मास्क, मग तो. हे मी त्या मुलाकडून तीनदा म्हणून घेतलं, त्याच्या आईसमोर.

काढलेलं गंधक पुढे सल्फर युनिटमध्ये जातं. एचटूएसचा तिसरा हिस्सा जाळून सल्फर डायऑक्साइड करायचं, उरलेल्याशी त्याची गाठ घालायची, की दोन्हींचं मिळून गंधक आणि पाणी होतं. क्लाउसने १८८३ मध्ये शोधलेली रीत, आजही तीच. पिवळंधमक, वितळलेलं गंधक वाहताना पाहायला मिळालं तर जरूर पाहा. माझा मेहुणा तासगावला द्राक्षं करतो, भुरीवर गंधक फवारतो. आपले साखर कारखाने रस स्वच्छ करायला गंधक जाळतात. जहाजांच्या इंधनाला १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांऐवजी अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. कुवेतची अल-झूरची ६,१५,००० बॅरलची रिफायनरी वीजकेंद्रांना कमी गंधकाचं इंधन देते. तिथल्या कामाचा उपयोग मला अशा ठिकाणी डोळ्यांना दिसायचा.

बंद करताना

रेसिड्यू आत असताना थंड करू नका, तो रिॲक्टरमध्येच घट्ट होईल. डिझेलने धुऊन काढा, मग गरम हायड्रोजनने तेल उडवून लावा. पोलाद ठिसूळ होण्याच्या तापमानाखाली जाण्याआधी दाब उतरवलेला असला पाहिजे, सुरुवातीला होता त्याच्या अगदी उलट क्रम. २०० अंशांच्या खाली येण्याआधी वायूत कार्बन मोनॉक्साइड नाही ना ते तपासा. निकेलच्या कॅटॅलिस्टवर थंडीत त्याचं निकेल कार्बोनिल होतं, ते अतिशय विषारी असतं.

वापरलेला कॅटॅलिस्ट हवा लागली की पेट घेतो, म्हणून नायट्रोजनमध्येच उतरवतात, आणि आत उतरणारी माणसं बाहेरून हवा पुरवलेल्या हेल्मेटमध्ये असतात. स्टेनलेस स्टीलच्या भागांवर बसलेलं सल्फाइड हवा आणि ओलावा मिळाला की आम्ल होतं आणि धातूला केसासारख्या चिरा पाडतं. उघडायच्या आधी ते भाग सोडा ॲशच्या पाण्याने धुवायचे, आणि जे उघडायचे नाहीत ते नायट्रोजनखाली ठेवायचे.

उतरवताना प्रत्येक बेडच्या वरचा, मधला आणि खालचा कॅटॅलिस्ट वेगवेगळ्या डब्यांत घ्या, डब्यावर रिॲक्टर, बेड आणि खोली लिहा. घाईच्या दिवसांत हे काम सगळ्यात आधी सुटतं, म्हणून एका माणसाला तेवढंच काम द्या. त्या डब्यांतून व्हॅनेडियम कुठपर्यंत पोचला होता ते कळतं. गार्ड रिॲक्टर भरून गेला आणि शेवटच्या बेडमध्ये धातू नावालाच असेल, तर पुढच्या भरणीत मोठ्या छिद्रांचा कॅटॅलिस्ट वाढवून मागा. तो अहवाल यायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर नवा कॅटॅलिस्ट आत गेलेला असतो, म्हणून तो अहवाल त्याच्याही पुढच्या भरणीसाठी जपून ठेवायचा, आणि तुम्ही सुट्टीवर घरी येणार असाल तर तो कुठल्या कपाटात आहे ते जोडीदाराला दाखवून यायचं.